बाभळीचं नाव कोणी नेलं?

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, किल्ला नाही. आज फक्त झाडं आहेत. पण त्यातल्या एका झाडाच्या नावावरून जगभरातले वनस्पतिशास्त्रज्ञ आठ वर्षं भांडत होते. चार खंडांतली माणसं त्यात ओढली गेली, शेवटी मतदान झालं, आणि ज्या झाडावरून ते नाव सुरू झालं होतं त्याच्याकडूनच ते काढून घेतलं गेलं.

ते झाड म्हणजे आपली बाभूळ.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालात की वाटेत आमचं बिडकीन लागतं. एकीकडे औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते आणि आखलेले प्लॉट, दुसरीकडे कपाशी आणि तुरीची रानं. आणि बांधावर, नाल्याकाठी, पडीक जागेत बाभूळ. औतफाट्याला हिचंच लाकूड, डिंक हिचा, दातवण हिचं, आणि शेळ्यांना शेंगाही हिच्याच. मण्यांच्या माळेसारख्या, करड्या रंगाच्या, दोन मण्यांमध्ये आवळलेल्या शेंगा.

आता हिचं शास्त्रीय नाव काय? जुन्या पुस्तकात पाहिलं तर ‘अकेशिया अरेबिका’. नंतरच्या पुस्तकात ‘अकेशिया निलोटिका’. आणि आत्ता मोबाईलवर शोधलंत तर ‘व्हॅचेलिया निलोटिका’. झाड तेच, काटे तेच, शेळ्याही त्याच. मग बदललं काय?

याचं उत्तर देताना दोन गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळतात, त्या मी आज वेगळ्या करणार आहे. एक, झाडाचं नातं कोणाशी आहे हे ठरवणं. दुसरी, त्या नात्याला नाव काय द्यायचं हे ठरवणं. पहिलं काम डीएनएने केलं. दुसरं माणसांनी केलं, आणि तेही मतं मोजून.

नाव आलं कुठून

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द आडनावासारखा, तो अनेक झाडांमध्ये सारखा असतो. पाठ्यपुस्तकात त्याला प्रजाती म्हणतात. दुसरा त्या एका झाडाचा स्वतःचा, पाळण्यातल्या नावासारखा. ‘निलोटिका’ म्हणजे नाईल नदीकाठची. हे झाड आफ्रिकेतही आहे, आपल्याकडेही आहे, आणि युरोपला त्याची पहिली ओळख झाली ती इजिप्तमुळे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिस याने इजिप्तमधल्या या काटेरी झाडाची आणि त्यापासून होणाऱ्या औषधाची नोंद केली, ती ‘अकाकिया’ या नावाने. म्हणजे अकेशिया हा शब्द मुळात बाभळीचाच.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने बाभळीला चक्क लाजाळूच्या आडनावात टाकलं, ‘मिमोसा निलोटिका’. लगेच पुढच्या वर्षी, १७५४ मध्ये, फिलिप मिलर या इंग्रज बागतज्ज्ञाने अकेशिया हे आडनाव वेगळं काढलं. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बेंथम याने त्याला शिस्त लावली. त्याची खूण सोपी होती. फुलात पुंकेसर भरपूर असतील आणि ते एकमेकांपासून सुटे असतील तर अकेशिया. तेच पुंकेसर बुडाशी जुळून नळी झाली असेल तर शिरीषाच्या गटात.

खूण सोपी असली की दुकान वाढतं. आफ्रिका, आशिया, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जिथून सुटे पुंकेसर आले ते सगळे अकेशियात गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस या एका आडनावाखाली तेराशेहून जास्त जाती जमल्या होत्या. आपली बाभूळ, हिवर, काथ देणारा खैर, केसांना लावायची शिकेकाई, आणि कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, सगळ्यांचं आडनाव एकच.

पण नीट बघा. बाभळीचे काटे सरळ, पानाच्या बुडाशी जोडीजोडीने येणारे, आणि फुलं पिवळ्या गोल गेंदात. खैराचे काटे आकड्यासारखे वाकलेले, आणि फुलं लांब तुऱ्यात. ऑस्ट्रेलियन बाभळीला तर काटाच नाही, आणि जे रुंद पान दिसतं ते खरं पान नसून चपटा झालेला देठ आहे. बेंथमलाही हे दिसत होतं. त्याने आत पोटगट पाडले होते, फक्त घर एकच ठेवलं होतं. १९८६ मध्ये लेस्ली पेडली या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने तर हे घर तीन भागांत वाटावं असं मांडलं. पण नुसत्या काट्यांवरून आणि फुलांवरून सगळ्यांचं समाधान होईना. एखादी खूण दोन झाडांत सारखी दिसते ती नात्यामुळे, की दोघांना सारखंच ऊन आणि सारखीच जनावरं सोसावी लागली म्हणून, हे कसं ओळखायचं?

पैठणची पोथी आणि झाडाचा डीएनए

इथे मला आमच्याच रस्त्यावरचं उदाहरण आठवतं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती हाताने उतरवली जात होती. लेखनिकाकडून कुठे शब्द सुटायचा, कुठे बदलायचा, कुठे जादा ओवी शिरायची. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी हे पाठभेद दूर करून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली.

आता समजा तुमच्यासमोर एखाद्या ग्रंथाच्या दहा पोथ्या आहेत. त्यातल्या तीन पोथ्यांत त्याच ओळीत तीच चूक आहे. तिघा लेखनिकांनी वेगवेगळ्या गावांत बसून नेमकी तीच चूक केली असेल का? शक्यता कमी. जास्त शक्यता ही, की त्या तिघी एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या, आणि चूक त्या प्रतीत होती. अशा सामाईक चुका मोजत गेलं की कोणती पोथी कोणत्या पोथीची बहीण, कोणती चुलत बहीण, हा वंशवृक्षच तयार होतो.

डीएनएचं अगदी असंच आहे. ती चार अक्षरांची पोथी. प्रत्येक पिढीत ती उतरवली जाते, आणि अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. दोन झाडांत तेच बदल त्याच जागी अनेकदा सापडले तर त्यांचा पूर्वज एक. काटा सरळ की वाकडा यावर ऊन-पावसाचा, चरणाऱ्या जनावरांचा दाब असतो. पण डीएनएमधले कितीतरी बदल असे असतात की त्यांनी झाडाला ना फायदा ना तोटा. ते नुसते साठत जातात, म्हणून ते चांगले साक्षीदार.

२००१ मध्ये जोसेफ मिलर आणि रँडल बायर यांनी पानातल्या हरितलवकाच्या डीएनएमधला ‘मॅट-के’ नावाचा भाग घेऊन अकेशियांची अशी तुलना छापली. इतरांचंही काम त्याच दिशेने चाललं होतं. निष्कर्ष असा आला की अकेशिया हे एक घर नव्हतंच. आत निदान पाच वेगवेगळी घरं होती. आणि ऑस्ट्रेलियातल्या अकेशिया या बाभळीपेक्षा शिरीष आणि विलायती चिंच यांच्या गटाला जास्त जवळच्या निघाल्या. बाभळीचा गट वेगळ्याच फांदीवर.

म्हणजे भावकीच्या यादीत दूरचे पाहुणे घेतले होते आणि सख्खे चुलत भाऊ बाहेर ठेवले होते. अशा यादीला शास्त्रात घराणं म्हणता येत नाही. कारण आडनाव हा एक दावा असतो, या सगळ्यांचा पूर्वज एक आहे आणि त्याचे सगळे वंशज इथे आहेत. हा दावा खोटा ठरला. वाटणी अटळ झाली.

देवाचे टाक कोणाकडे?

घराची वाटणी झाली की शेत वाटतात, बैल वाटतात, भांडी वाटतात. पण देवघरातले टाक वाटता येत नाहीत. ते एका भावाकडेच राहतात. शास्त्रीय आडनावाचंही तसंच आहे. प्रत्येक आडनाव एका ठरावीक जातीला बांधलेलं असतं, तिला नमुना जाती म्हणू. वाटणीत ती जाती ज्या घरात जाईल, जुनं नाव त्या घराला मिळतं. बाकीच्यांनी दुसरं नाव घ्यायचं.

अकेशियाची नमुना जाती कोणती? बाभूळच. म्हणजे नेहमीच्या नियमाने अकेशिया हे नाव बाभळीच्या गटाला मिळायला हवं होतं. या गटात जगभर मिळून साधारण १६० जाती. अडचण अशी की ऑस्ट्रेलियातल्या गटात जवळपास हजार. नियम पाळला असता तर त्या सगळ्यांना ‘रॅकोस्पर्मा’ म्हणावं लागलं असतं. आणि ऑस्ट्रेलियात हे झाड म्हणजे नुसतं झाड नाही. १९८८ पासून सोनेरी वॅटल हे त्यांचं राष्ट्रीय फूल आहे, आणि त्याचं नाव अकेशिया पिक्नँथा.

मग २००३ मध्ये टोनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी प्रस्ताव मांडला, नमुना जातीच बदला. टाक धाकट्याकडे द्या, कारण त्याचं खटलं मोठं आहे. नियमांत अशी सोय आहे. कमीत कमी झाडांची नावं बदलावीत म्हणून अपवाद करता येतो. पण आफ्रिकेतून जोरदार विरोध झाला. तिथल्या माळरानांचं चित्र डोळ्यासमोर आणा, छत्रीसारखी पसरलेली काटेरी झाडं आणि खाली जिराफ. ती झाडं म्हणजे अकेशिया, असं सगळं जग म्हणत आलं होतं.

जुलै २००५, व्हिएन्ना. आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद. समितीने प्रस्तावाच्या बाजूने शिफारस केली होती, आणि ती फेटाळायला ६० टक्के मतं लागणार होती. विरोधात पडली सुमारे ५५ टक्के. म्हणजे मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक ‘नको’ म्हणत होते, तरी प्रस्ताव टिकला. शिवाय इथे एका माणसाचं एक मत एवढाच हिशोब नसतो. वनस्पतींचे संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांनाही मतं असतात, एकापासून सातपर्यंत, संस्थेच्या आवाक्याप्रमाणे. जुने आणि मोठे संग्रह कुठे आहेत, हे वसाहतींचा इतिहास वाचलेल्याला सांगायला नको. २०११ मध्ये पुढची परिषद भरली, तीही मेलबर्नला, ऑस्ट्रेलियातच. तिथे पुन्हा चर्चा झाली आणि व्हिएन्नाचा निर्णय कायम राहिला.

बाभळीला मग कोणतं नाव आलं? व्हॅचेलिया. त्याचीही एक गोष्ट आहे. मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत असलेला स्कॉटिश डॉक्टर रॉबर्ट वाइट आणि त्याचा सहकारी वॉकर-आर्नॉट यांनी १८३४ मध्ये भारतीय द्वीपकल्पातल्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. त्यात देवबाभळीसाठी त्यांनी हे नवं आडनाव घडवलं, तेही मकाऊमध्ये कंपनीचा पाद्री असलेल्या आणि चीनमधली झाडं गोळा करणाऱ्या व्हॅचेल या माणसावरून. हे नाव दीडशे वर्षांहून जास्त काळ पडून होतं. वाटणीनंतर धूळ झटकून बाहेर काढलं, आणि २००८ मध्ये ‘व्हॅचेलिया निलोटिका’ हे नाव रीतसर प्रसिद्ध झालं. खैराला सेनेगालिया हे आडनाव मिळालं. ते १८३८ मध्ये राफिनेस्क या विक्षिप्त माणसाने दिलेलं. त्याने इतकी नवी नावं पाडली होती की हयातीत त्याला फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. हजार नावं बदलण्यापेक्षा दीडशे बदलणं सोयीचं, हे खरं. आणि ज्याच्यावरून शब्द आला त्यालाच तो नाकारला, हेही खरं. पण एक लक्षात ठेवा. व्हिएन्नात कोणी बाभूळ आणि शिरीष यांच्या नात्यावर मत दिलं नाही. नातं मतदानाने बदलत नाही. मतदान झालं ते फक्त पाटीवर.

शमीने नाव राखलं

आता दसऱ्याकडे येऊ. आपण शमीची पूजा करतो आणि आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो. दोन्ही झाडं शेंगांच्याच कुळातली, म्हणजे तूर, हरभरा, मूग, पळस, चिंच, बहावा यांचं जे प्रचंड मोठं कुळ आहे त्यातली. पूर्वी फुलाच्या ठेवणीवरून या कुळाचे तीन भाग करत. २०१७ मध्ये जगभरातल्या शेंगा-तज्ज्ञांनी एकत्र येऊन ३,६९६ जातींचा मॅट-के तपासला आणि सहा भाग केले. बाभूळ आणि शमी आता बहावा-गुलमोहराच्या भागात आल्या. आपटा आणि कांचन यांचा वेगळा भाग, चिंचेचा आणखी वेगळा.

शमीचं आडनाव प्रोसोपिस. आणि बिडकीनच्या पडीक रानात, नाल्यात, रस्त्याच्या कडेला जी हिरवी भिंत झालीय ती येडी बाभूळ, तिचंही आडनाव कालपरवापर्यंत प्रोसोपिसच होतं, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. एक पूजेची, एक उपटून टाकायची. एक इथली, एक अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात आणलेली. तरी कागदावर एकाच घरच्या.

२०२२ मध्ये ही वाटणीही झाली. या वेळी साक्षीदार एक जनुक नव्हतं. पेशीकेंद्रातली ९९७ जनुकं तपासली होती. निष्कर्ष स्पष्ट निघाला. शमीची सगळ्यात जवळची नातेवाईक येडी बाभूळ नाहीच. ती आहे हिमालयाच्या पायथ्याशी, नेपाळ आणि उत्तर प्रदेशच्या सीमेवर वाढणारं इंडोपिप्टाडेनिया नावाचं एक दुर्मीळ झाड. येडी बाभळीचा अमेरिकन गट वेगळा निघाला, आणि तिचं नवं नाव झालं नेल्ट्युमा ज्युलिफ्लोरा. हे आडनावसुद्धा त्याच राफिनेस्कचं, त्याच १८३८ सालच्या पुस्तकातलं!

आणि टाक? प्रोसोपिसची नमुना जाती शमी होती. त्यामुळे नियमाप्रमाणे नाव तिच्याकडे राहिलं. आता प्रोसोपिस आडनावाच्या फक्त तीन जाती उरल्यात. तिकडे अमेरिकन गटात चाळीसहून जास्त जाती होत्या, तरी या वेळी नाव तिकडे गेलं नाही. बाभळीने नाव गमावलं, शमीने राखलं.

आपल्याला याचं काय?

पहिली गोष्ट रानातली. येडी बाभळीला आवर घालायचा एक मार्ग म्हणजे तिच्या मुळच्या देशातले, तिच्या बिया खाणारे कीटक आणून सोडणं. दक्षिण आफ्रिकेत असे भुंगेरे सोडले गेलेत. पण कीटक सोडण्याआधी पाहावं लागतं की तो इथलं दुसरं काही खाईल का. ही परीक्षा जवळच्या नातेवाइकांपासून सुरू करून दूरच्यांपर्यंत नेतात. म्हणजे नात्याची यादी चुकली तर परीक्षाच चुकली. शमी कागदावर येडी बाभळीची सख्खी असणं आणि प्रत्यक्षात दूरची असणं, यात असा फरक पडतो. अर्थात, शमी राजस्थानचा राज्यवृक्ष आहे, आपल्या दसऱ्याचं झाड आहे, तेव्हा दूरची असली तरी तिची परीक्षा घ्यावीच लागेल. पण आता कुठे बघायचं हे जास्त नीट माहीत आहे.

दुसरी गोष्ट अभ्यास करणाऱ्यांसाठी. प्रा. वि. ना. नाईक यांनी मराठवाड्यातल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधीचा कुकचा गाजलेला ग्रंथ मुंबई इलाख्याचा, आणि आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. हे दोन्ही ग्रंथ व्हिएन्नाच्या आधीचे. तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फक्त ‘व्हॅचेलिया’ शोधलंत तर बाभळीवरचं अडीचशे वर्षांचं लिखाण तुमच्या स्क्रीनवर येणारच नाही. फक्त ‘अकेशिया’ शोधलंत तर ऑस्ट्रेलियाचा पूर येईल. दोन्ही नावं टाका, आणि जुनी अरेबिकाही टाका. जुनं नाव चुकलेलं असलं तरी ते कपाटाची किल्ली आहे.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची. लोकांनी येडी बाभळीला नुसतं बाभूळ कधीच म्हटलं नाही. आधी ‘येडी’ लावलं, किंवा ‘विलायती’. विलायती चिंचेचंही तसंच. दिसायला तशी, पण ती नव्हे, एवढं त्या एका शब्दात सांगून टाकलं. उलट खऱ्या बाभळीतही, खराट्यासारख्या सरळ वर गेलेल्या फांद्यांची ती रामकाठी, हे गुराख्यालाही कळत होतं. याला विज्ञान म्हणू नका, कारण खैर आणि शमी यांची नाती डोळ्यांनी कळली नसती. त्याला ९९७ जनुकंच लागली. पण बघण्याची सवय त्यात होती, आणि ती सवय आपल्याकडून सुटत चाललीय.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गावातली एक बाभूळ आणि एक येडी बाभूळ शोधा, आणि दोघींच्या शेंगा शेजारी ठेवून फोटो काढा. बाभळीची शेंग मण्यांची माळ, येडीची पिवळसर, चपटी आणि गोडसर. फोटो आम्हाला पाठवा, आणि खाली लिहा तुमच्याकडे दोघींना काय म्हणतात. शास्त्रीय नावं नंतर बघू. ती पुन्हा बदलतीलही.

ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात.